केकचे गोळे आणि आईची कवळी

या, असे पुढे सरका. दाराशी रेंगाळलेल्यांनीही आत यावं, कारण ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. मत्सराची गोष्ट आहे, आणि मत्सराचं माणूस नेहमी हळूच बोलतो. एका बाईची, तिच्या आईची आणि चॉकलेटात बुडवलेल्या केकच्या गोळ्यांची गोष्ट सांगेन म्हणतो. ऐकता ऐकता कुणाला आपल्याच घरातलं कुणी दिसलं, तर गालातल्या गालात हसा, मान खाली घालू नका. देवानं प्रत्येकाच्या पोटात ही चूल घालूनच खाली धाडलंय. कुणाची धुमसते, कुणाची भडकते, एवढाच काय तो फरक.

तर एक होती ताई. खरं म्हणजे ती घरातली धाकटी, पण शेजारीपाजारी, कामावर, सगळीकडे तिला ताईच म्हणत. थोरला दादासुद्धा ताई म्हणे, आणि जिच्या पोटची ती आईही तिला ताईच म्हणे. लग्न केलं नाही. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. बावीस वर्षं. डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवणार, ताई त्यावरून प्लॅस्टरचा साचा काढणार, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवणार, त्यात एकेक दात बसवणार. गावातले अर्धेअधिक म्हातारे तिच्या दातांनी हसतात, असं तिचे मालक पाहुण्यांना सांगत. ताई तोंडानं "काहीतरीच तुमचं" म्हणे, पण तो दिवस तिचा बरा जाई.

दोन वर्षांपूर्वी आईचे उरलेसुरले दात गेले. तेव्हा ताईनं लॅबमध्ये कुणाला हात लावू दिला नाही. तीनदा मेण उतरवलं, तीनदा चढवलं. आईच्या तरुणपणीच्या फोटोत पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला आहे, तोसुद्धा तिनं तसाच चढवून बसवला. आईनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अगदी माझेच गं!" झालं, ताईला स्वर्ग दोन बोटं उरला.

आणि आता बघा कशी काडी पडली ती.

दादाची बायको, म्हणजे ताईची वहिनी, शाळेच्या ग्रंथालयात अर्धा दिवस जाई. बोलायला मोकळी, हसायला मोठी, भांडी घासताना गाणारी. दर रविवारी ती केकचे गोळे करायची. आदल्या दिवशी साधा केक भाजून ठेवायचा. सकाळी तो हातानं मोडून त्याचा बारीक चुरा करायचा. त्यात थोडं क्रीम घालून, मुठीत दाबला तर धरेल आणि सोडला तर सुटेल, इतपत मळायचं. गोळे वळून फ्रीजमध्ये घट्ट करायचे, मग वितळलेल्या चॉकलेटात काट्यानं बुडवून, काटा भांड्याच्या काठावर टकटक आपटून, कागदावर सुकायला ठेवायचे. कवच नखाएवढं पातळ. आईसाठी बोराएवढे लहान गोळे वेगळे.

एका रविवारी ताई पाणी प्यायला आत आली आणि थबकली. आई पलंगावर बसलेली. समोर दोन वाट्या. एका वाटीत लहान गोळे. दुसरीत, पाण्यात, कवळी. वरची आणि खालची, दोन्ही. आईनं एक गोळा गालात ठेवला होता, डोळे मिटले होते, आणि चॉकलेट विरघळत चाललं तशी तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत होती.

"आई, दात काढलेस?" ताई म्हणाली.

"अगं हो, सहज," आई गडबडून म्हणाली. "घालते हं, घालते." आणि तोंडातला गोळा तसाच गिळून तिनं कवळी चढवली.

मी घडवलेले दात वाटीत, आणि तिचे गोळे तोंडात! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला दुसरं काही दिसेना. त्या दिवसापासून वहिनीचं सगळंच तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं. वहिनीचं गाणं, वहिनीची हसण्याची पट्टी, आईची वेणी घालताना वहिनीनं मांडी घालून बसणं. आई "सूनबाई, पाठ खाजव गं" म्हणाली की ताई बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उगीच मोठ्यानं उलटायची. माझ्याजवळ कधी पाठ खाजवून मागितली नाही हिनं. माझ्याजवळ काय, "ताई, दमलीस का, ताई, जेवलीस का." जसं काही मी परकी पाहुणीच आलेय!

अशात दादाची बदली झाली. तो जमीन मोजणी खात्यात होता, बदली दूरच्या गावी, महिन्याभरात हजर व्हायचं. सोमवारी जेवताना त्यानं विषय काढला. "आई, तू आमच्याबरोबर येतेस की इथं ताईजवळ राहतेस? दोन्हीकडे घर तुझंच. घाई नाही, रविवारी सांग."

ताईला वाटलं, यात सांगायचं काय आहे? आई आता म्हणेल, मी माझ्या लेकीला सोडून कुठं जाऊ. पण आईनं पाण्याचा पेला उचलला, परत ठेवला, आणि म्हणाली, "रविवारी सांगते."

तो एक "रविवारी" ताईच्या घशात अडकला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, लॅबमध्ये कुणाच्या तरी दाढा बसवताना तिच्या मनात एकच हिशेब: सहा दिवस त्या बाईचे आणि सातव्या दिवशी गोळे. हे गोळेच घात करणार. आणि मग तिला वाटलं, अरे, पण गोळे म्हणजे आहे तरी काय? चुरा दाबायचा, वळायचा, पातळ कशात तरी बुडवायचा. जन्मभर आपण दुसरं केलं काय? विचारायची गरजच नव्हती. गेली दोन वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून, न पाहिल्यासारखं करून, तिनं सगळं पाहिलंच होतं.

शनिवारी पहाटेच दादा आणि वहिनी त्या गावी भाड्याचं घर बघायला गेले, रात्री येणार होते. ताईला अर्धी सुट्टी. येताना तिनं बेकरीतून साधा केक घेतला, क्रीम घेतलं, चांगल्यातलं चॉकलेट घेतलं. आई जेवून पडली होती. ताईनं दार लोटलं, पदर खोचला आणि कामाला लागली.

गोळे असे वळले, असे वळले, की बघत राहावं! वहिनीचे कधी थोडे चपटे, कधी लहानमोठे. ताईचे सगळे एका मापाचे. एक जरा मोठा वाटला तर चिमटीभर काढून पुन्हा वळला. क्रीम मात्र तिनं हात सैल सोडून घातलं. तिच्या घरात कमी कशाला पडायला हवं! गोळे फ्रीजमध्ये घट्ट केले. उकळत्या पाण्यावर भांडं धरून चॉकलेट वितळवलं, आणि मेण जास्त तापलं की बिघडतं हे हाताला ठाऊक असल्यानं लगेच गॅस बंद केला. पहिले दहा गोळे आरशासारखे झाले. ताई मनात म्हणाली, बघ म्हणावं आता.

अकराव्या गोळ्याला चॉकलेट दाटलं. थंड गोळे बुडवून बुडवून भांडं निवलं होतं, दुसरं काही नाही. पुन्हा आच दिली असती तर काम झालं असतं. पण ताईचे हात बावीस वर्षं प्लॅस्टर कालवलेले हात. कालवताना दाट वाटलं की पाण्याचा शिंतोडा, हे त्या हातांना डोक्याला न विचारता येत होतं. ओल्या बोटांनी तिनं शिंतोडा मारला आणि ढवळलं.

चॉकलेट रुसलं. आधी त्यावरची चकाकी गेली, मग ते रवाळ झालं. ताईला वाटलं, पाणी कमी पडलं. आणखी दोन थेंब. आता तर त्याचा घट्ट, कोरडा, ओबडधोबड गोळा होऊन चमच्याला बिलगला, भांड्यात काही राहीचना. बाहेर बारा गोळे उघडे बसलेले. ताई चमचा धरून उभी, कपाळाला घाम, आणि तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. घर पहिल्याच फेरीत पसंत पडलं होतं. मंडळी लवकर परतली. दादा आईचं औषध आणायला कोपऱ्यावरूनच वळला आणि वहिनी एकटी आत आली.

तिनं ओट्याकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं. "अगबाई, ताई, पाणी गेलं का त्यात?"

"मी काय घालायचं ते मला कळतं."

"तसं नाही हो, चॉकलेटला पाण्याचा थेंब चालत नाही. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं. मी देते ना नीट करून."

"देशीलच!" ताई फिरली. "सगळं तूच नीट करून देशील. आईची वेणी तू, आईची पाठ तू, आईचं खाणं तू. उद्या रविवार आहे, ठाऊक आहे तुला. दोन वर्षं गोळे चारून चारून माझ्या आईला माणसाळवलंस. माझ्या हातची कवळी ती काढून ठेवते तुझ्या गोळ्यापायी! दोन कवडीच्या मिठाईपायी!"

वहिनीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती कधी चिडत नसे. पण प्रवासानं दमली होती, आणि दोन वर्षं तिनंही काही गिळलं होतंच की.

"त्या कवळी का काढतात, कधी विचारलंत त्यांना?"

"गोडाला चटावलीय, म्हणून."

"टोचते म्हणून!"

ताईनं चमचा ओट्यावर ठेवला.

"डावीकडे, मागं, खालच्या हिरडीला टोचते," वहिनी आवाज खाली आणून म्हणाली. "तुम्ही कामावर गेलात की काढतात, यायच्या वेळेला चढवतात. कवळी घालून चावता येत नाही, कवळीशिवाय कडक खाता येत नाही. मग मी विचार केला, तोंडात आपोआप विरघळेल असं काय करता येईल. म्हणून हे गोळे. मला काय हौस आहे होय, दर रविवारी ओटा चॉकलेटानं माखून घ्यायची?"

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत? दोघींनी?"

"त्यांनी मला शपथ घातली. म्हणाल्या, पोरीनं तीनदा उतरवून केलीय, आता तिला काय सांगू."

ऐकलंत? इतके दिवस ताईला वाटत होतं, आपण गोळ्यांवर जळतोय. आता कळलं, खरी जळायची जागा तर पुढंच होती. आईचं दुखणं या घरात एका बाईला ठाऊक होतं, आणि ती बाई आपण नव्हतो. गोळे शिकता येतात. हे कुठं शिकायचं?

ती तशीच आत गेली. आई जागी होती. भिंती पातळ, सगळं ऐकलंच असणार.

"आई, तोंड उघड."

"छान बसते गं कवळी. ही आपली उगीच..."

"तोंड उघड म्हणते ना!"

ताईनं हात धुतले, आईची खालची कवळी काढली आणि बोट आत घातलं. आणि मंडळी, नवल ऐका: बावीस वर्षं दातांत काढलेल्या त्या बाईनं जित्या माणसाच्या हिरडीला प्रथमच हात लावला होता. माप डॉक्टर घ्यायचे, बसवायचे डॉक्टर. तिनं तोंडं पाहिली ती प्लॅस्टरची. ना ऊन, ना ओली, ना कधी 'आई गं' म्हणणारी. बोट डावीकडे मागं सरकलं आणि आईचं सगळं अंग आखडलं. तिथं हिरडीवर घट्टा पडला होता. तांदळाएवढा. दोन वर्षांचा.

"एवढं?" ताई म्हणाली. "एवढं घासायला मला दहा मिनिटं लागली असती, आई. दहा मिनिटं."



लॅबची एक किल्ली ताईकडे असे. ती कवळी रुमालात गुंडाळून गेली, यंत्रावर ती जागा घासली, बोटानं चाचपली, पुन्हा घासली, पॉलिश केली. आली तोवर वहिनीनं त्या रुसलेल्या चॉकलेटात ऊन दूध चमच्याचमच्यानं घालून ते मऊ करून ठेवलं होतं आणि उरलेले बारा गोळे त्यात लोळवले होते. कवच कडक होणार नव्हतं, पण वाया गेलं नाही. ताईनं ते पाहिलं आणि आभार मानायचं टाळलं. सगळंच एका दिवसात कसं जमेल माणसाला?

आईनं कवळी घातली. जबडा इकडं हलवला, तिकडं हलवला. मग ताईनं आपल्या त्या पहिल्या दहांतला एक गोळा पुढं केला. आईनं चावला. कवच कट् करून फुटलं. आईचेच डोळे आश्चर्यानं मोठे झाले.

"कसा झालाय?" ताईनं विचारलं. अंगातला सगळा जीव कानांत आला होता.

"छान झालाय हं," आई म्हणाली. "फारच छान."

त्या "हं" नं ताईचं काळीज खाली बसलं. क्रीम जास्त झालं होतं, गोळा आत चिकट होता, टाळूला लागत होता. आईची जीभ तो सोडवताना दिसत होती. वहिनीचा असता तर आई म्हणाली असती, "काय गं हा चिखल केलास?" आणि दोघी हसल्या असत्या.

रविवार उजाडला. चहा झाला. दादानं घसा साफ केला. "मग आई?"

आईनं ताईकडे पाहिलं. "तू रागावशील."

"नाही रागावणार."

"रागावशीलच. रागव, पण ऐक. मी यांच्याबरोबर जाते."

"कवळी आता टोचत नाही ना?" ताई एकदम म्हणाली. स्वतःलाच ते खुळचट वाटलं.

"नाही गं, लोण्यासारखी बसते. कवळीचं नाही." आईनं तिचा हात ओढून मांडीवर घेतला. "तुझ्याजवळ मी नीट बसते, ताई. पाहुण्याकडे बसावं तशी. तुला काही लागू नये म्हणून मी आधी दहादा विचार करते, मग बोलते. तू माझ्यासाठी इतकं मन लावून करतेस, की मला त्यात खोट काढायचा धीर होत नाही. हिच्याजवळ कसं, मी कटकट करते, ही उलट बोलते, आम्ही दोघी मोकळ्या. आता या वयात मला जपून बसवत नाही गं."

दादा जमिनीकडे बघत बसला. वहिनी उठून आत गेली. ऐकू नये ते ऐकल्यासारखं तिला झालं असेल. ताई रागावली नाही. रागवायला समोर कुणी चोर लागतो, आणि चोर कुणीच निघाला नव्हता. तिनं फक्त इतकंच विचारलं, "मग मी काय करू?"

"काही करू नकोस," आई म्हणाली. "तेच तर सांगतेय."

महिन्याभरात सामान बांधून झालं. निघायच्या आदल्या दुपारी ताईनं वहिनीला खिडकीशी बोलावलं. "हात धू आणि बोट दाखव. असं. दर पंधरा दिवसांनी हिच्या हिरडीवरून फिरवायचं, मागून पुढं. ती छान आहे म्हणेल, ऐकायचं नाही. जिथं दचकेल, ती जागा मला कळवायची." स्वतःचं एवढं एकच राखून ठेवलेलं तिनं वहिनीच्या हातात दिलं, आणि देताना तिचा जीव कसा कासावीस झाला ते त्या देवालाच ठाऊक. वहिनीनं दोनदा करून दाखवलं. तिची बोटं हलकी होती. ताईला तेही झोंबलं.

गाडी गेली. घर मोठं झालं. पहिल्या रविवारी ताईनं ओटा पुसला, तो स्वच्छच होता, तरी पुन्हा पुसला. आत्ता ती तिकडं वळत असेल. आत्ता बुडवत असेल. आत्ता आई म्हणत असेल, काय गं हा चिखल केलास. घड्याळाकडे बघून बघून तिनं स्वतःला पुरेपूर छळून घेतलं.

दुसऱ्या रविवारी सकाळी फोन वाजला.

"ताई, मोकळी आहेस का?" आईचा आवाज अगदी हळू.

"काय झालं? बरं आहे ना?"

"बरं कुठलं! इथला पलंग उंच आहे मेला. बसले की पाय टेकत नाहीत, शाळेतल्या पोरीसारखी लोंबकळत बसते. उतरताना जीव मुठीत. आणि उशी तर अशी, की दगड परवडला. रात्रभर मान धरते."

ताई खुर्चीत बसली. सावकाश, जपून. "मग सांग की वहिनीला."

"छे गं, कसं सांगू? बिचारीनं हौसेनं माझ्यासाठी नवा आणलाय. चार दुकानं फिरली. तिला वाईट वाटेल. तू नाही हं सांगायचं, माझी शपथ आहे तुला."

"म्हणजे तिला ठाऊक नाही?"

"नाही."

"दादाला?"

"नाही गं, कुणालाच नाही. तुला म्हणून सांगतेय."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. पोटातली चूल विझली असं मी म्हणणार नाही, तुम्हीही मानणार नाही. पण तिच्यावर आता काहीतरी गोड शिजत होतं, आणि ताईला त्याची थोडी लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तिला फोन ठेवावासा वाटत नव्हता. "उशी कशी आहे, नीट सांग," ती म्हणाली. "कापसाची आहे की कशाची? आणि हळू बोल, ती ऐकेल." आई सांगत गेली. पलंग झाला, उशी झाली, न्हाणीघराचा नळ झाला, शेजारच्यांचा रेडिओ झाला. अर्धा तास म्हातारीनं पोटभर कटकट केली, आणि अर्धा तास ताई हूं हूं करत ती झेलत राहिली.

तर श्रोतेहो, ताईची काळजी आता करू नका, तिचं बरं चाललंय. माझं मागणं वेगळंच आहे. आपण सारे इतका वेळ ताईच्या बाजूला बसून होतो, म्हणून तिकडच्या स्वयंपाकघरात डोकावलोच नाही. तिथं एक बाई सकाळपासून केकचा चुरा मळतेय, बोराएवढे गोळे वेगळे वळतेय, चार दुकानं फिरून आणलेला पलंग सासूला मानवला या समाधानात गातेय, आणि बंद दाराआड सासू इतक्या हळू कुणाशी बोलतेय म्हणून मध्येच गाणं थांबवून कान देतेय. उद्या कदाचित तिच्याही पोटात चूल पेटेल. आज घरी जाऊन देवापुढं बसाल, तेव्हा त्या वहिनीची आठवण ठेवा.